इंद्रभान सुताराचा न चुकलेला हात

आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला शेवटपर्यंत ताटकळायला नको. त्या खुर्चीची दोरी मी सोडली होती. इंद्रभान सुताराचा हात चुकला नव्हता. आज देऊळघाटात कुणालाही विचारा की वामनराव गुरुजी कशानं गेले, तर तो म्हणेल, सुतारानं खुर्ची कच्ची ठेवली म्हणून गेले. गावाला हे कुणी सांगितलं? मीच सांगितलं. मी शकुंतला, गुरुजींची बायको. मीही एकोणतीस वर्षं शाळेत शिकवलं, खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं. आता बहात्तरावं चालू आहे.

पण आधी इंद्रभान कोण होता ते सांगते. आमच्या घरापासून चार घरं सोडून त्याचं घर. बाप बैलगाड्या, वखरं, तिफणी करायचा. गावात ट्रॅक्टर आले आणि ते काम बसलं. भाऊबंद बांधकामाच्या सेंट्रिंगला गेले. हा एकटा ओट्यावर पटाशी न् रंधा घेऊन बसून राहिला आणि डुगडुगत्या खुर्च्या नीट करायला लागला. गावात खुर्च्या असून असून किती असणार, म्हणून मीच एकदा त्याला हसले होते. पण बुलढाण्याच्या कचेऱ्यांतून, वकिलांच्या घरांतून, आजूबाजूच्या शाळांतून मोटरसायकलवर उलट्या बांधलेल्या खुर्च्या त्याच्या ओट्यावर यायच्या. कधी कधी तर त्याला स्वतःला बसायला जागा नसायची.

खुर्ची आली की तो आधी तिच्याकडे बघायचाही नाही. विचारायचा, कोण बसते आणि कसं बसते? लोकांना राग यायचा. अरे बाबा, तुला करायचं काय त्याच्याशी? पण त्याचं म्हणणं असं की खुर्ची आपोआप ढिली होत नाही, बसणारा तिला ढिली करतो. मुख्याध्यापकांच्या खुर्चीचा उजवा हात निखळला होता. यानं नुसता हात लावून सांगितलं, साहेबांचा डावा गुडघा गेलेला असेल, उठताना उजवीकडं जोर देतात. गुडघा खरंच गेलेला होता. मुख्याध्यापक गावभर सांगत सुटले की आमच्या सुताराला डॉक्टर करा.

दुसरी गोष्ट म्हणजे खिळा. मेला तरी खिळा मारायचा नाही. खुर्चीच्या पायात भोक असतं, त्यात आडव्या दांडीचं टोक बसतं. त्या टोकाला ते लोक कुसू म्हणतात. वर्षानुवर्षं हलून कुसू झिजतो, सरस मरतो आणि खुर्ची डुगडुगते. दुसरे सुतार दोन खिळे ठोकून मोकळे होतात. हा अख्खी खुर्ची खोलायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भांडलेच होते, नीट कराले देली का मोडाले म्हणून. तो हसला आणि जुना सरस खरवडत राहिला. मग झिजलेल्या कुसवाला सागाची पातळ ढलपी लावायची, टोकाला चीर देऊन बारीक पाचर बसवायची, गरम सरस लावून जोडायचं, चारी पायांना काथ्याची दोरी गुंडाळायची, दोरीत काडी घालून पीळ द्यायचा. आणि मग तीन दिवस. तीन दिवस त्या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही. कलेक्टर येऊ दे का कलेक्टरचा बाप येऊ दे, तीन दिवस म्हणजे तीन दिवस.

तो गुरुजींचा विद्यार्थी, चौथीपर्यंतच शिकलेला. पण सणावाराला पाया पडायला यायचा, आणि यांचंही त्याच्यावर भारी मन. यांचे दोन्ही गुडघे धरले होते. खाली बसता येईना, आणि प्लास्टिकच्या खुर्चीतून उठता येईना. लग्नात मिळालेली सागाची हाताची खुर्ची होती, तिच्यातच दिवस काढायचे. चार वर्षांपूर्वी भादव्यात ती कुरकुरायला लागली. इंद्रभाननं पाहिलं आणि म्हणाला, बसू नका, मागचा पाय ढिला आहे. महालक्ष्म्या उद्यावर आल्या होत्या. मी म्हटलं सणानंतर करू. गुरुजी म्हणाले नाही, आत्ताच कर, मी तोवर दिवाणावर बसतो. त्यांना ती खुर्ची सोडवेना.

त्याच्या ओट्यावरचं छप्पर गळत होतं. म्हणून त्यानं सगळी हत्यारं आमच्याकडं आणली आणि पुढच्या खोलीतच काम केलं. संध्याकाळी खुर्ची दोरीनं आवळून भिंतीपाशी ठेवली. पावसाळी हवा आहे, सरस लवकर धरत नाही, चौथ्या दिवशी सकाळी मीच येऊन सोडतो, असं मला बजावून गेला. जाताना पुन्हा दारातून वळून बोलला. मी म्हटलं, समजलं बाप्पा, मी काय लहान आहे का.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या यायच्या. आमच्या वऱ्हाडात या सणाचं काय प्रस्थ असतं ते ज्याच्या घरी असतात त्यालाच ठाऊक. सोळा भाज्या, आंबील, पुरण, फुलोरा. खामगावहून माझी नणंद शालूबाई आणि तिचे यजमान नारायणराव आले होते. शालूबाई उंबऱ्यात पाय ठेवत नाही तो थबकली. खुर्चीकडं बोट दाखवून म्हणाली,

"अवो वयनी, महालक्ष्म्या यायच्या घरात हे तिरडीवानी काय बांधून ठेवलं?"

एकदा कुणी म्हटलं की मग तेच दिसतं. लाकडं, काथ्याची दोरी, पीळ दिलेली काडी. मला ती खुर्ची तिरडीसारखीच दिसायला लागली. आणि घरात यांचं दुखणं. हळदीकुंकवाच्या पावलांची रांगोळी दारापासून काढलेली, आणि त्या पावलांच्या वाटेवर हे. मागच्या खोलीत हलवावी तर तिथं धान्याच्या कोठ्या आणि फराळाचे डबे. एक चादर टाकली असती तरी भागलं असतं. पण हे आता सुचतं. बैल गेला आणि झोपा केला.

मी दोरी सोडली. गुरुजी दिवाणावरून म्हणाले, "अगं, तीन दिवस म्हणाला होता तो." मी म्हटलं, तुम्ही गप बसा. आयुष्यभर माझ्या तोंडाला भिऊनच राहिले बिचारे.

दुसरा दिवस जेवणाचा. घरात पंचवीस-तीस माणसं. मी पुरणाचं ताट घेऊन पुढच्या खोलीत आले तर नारायणराव त्या खुर्चीत. चांगलं शंभर किलोचं माणूस, आणि सवय अशी की हसलं की मागं रेलायचं, पुढचे पाय जमिनीवरून उचलायचे. कुणीतरी काहीतरी बोललं, ते हसले, रेलले, आणि मी आवाज ऐकला. बारीक, वाळकी काडी मोडावी तेवढा. दुसऱ्या कुणी ऐकला नसेल. मी ऐकला. मी त्यांना म्हणाले, भाऊजी, इकडं पाटावर या, ताट वाढलंय. ते उठले. खुर्ची जागेवरच उभी होती, हलत नव्हती, मोडली नव्हती. मी स्वतःला म्हटलं, काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या बोळवल्या, पाहुणे गेले. मग मला इंद्रभानची आठवण झाली. सकाळी येणार आणि दोरी सुटलेली बघणार. बोलणार तर काही नाही, पण बघणार. मला तेवढंही नको होतं. मी दोरी घेतली, त्यानं गुंडाळली होती तशीच गुंडाळली, काडी घालून पीळ दिला आणि त्याच्यासारखीच गाठ मारली. शाळेत हस्तव्यवसाय शिकवलेली बाई मी, गाठ काय चुकते. गुरुजी ओट्यावर होते. त्यांनी पाहिलं की नाही, मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी तो आला. दोरी सोडली, खुर्ची हलवून पाहिली, चारी बाजूंनी दाबली. सरस अर्धवट ओला असताना हलला होता आणि हलल्या जागी वाळला होता. बाहेरून घट्ट, आत पोकळ. हे मला नंतर कळलं. तेव्हा कुणालाच कळलं नसतं. इंद्रभान गुरुजींना म्हणाला, "बसा गुरुजी आता." आणि त्यांचा दंड धरून त्यानंच त्यांना बसवलं. हे शब्द त्याच्या जिवाला लागले, शेवटपर्यंत.

अकरा दिवसांनी, पितृपक्षात, सकाळचे नऊ वाजले असतील. गुरुजी ओट्यावर खुर्चीत होते. पेपरचं पान वाऱ्यानं खाली गेलं ते उचलायला एका बाजूनं वाकले. मी आत कणीक मळत होते. आवाज आला, या वेळी मोठा. बाहेर आले तर खुर्चीचा पाय एकीकडं, आणि हे पायरीच्या दगडावर कुशीला पडलेले. चेहरा पांढरा फटक. ओरडले नाहीत. म्हणाले, मला उठवू नको, काहीतरी मोडलं आहे.

खुबा मोडला होता. बुलढाण्याला दवाखान्यात नेलं, ऑपरेशन केलं. माझी एकुलती लेक इरा, खामगावला बँकेत आहे, ती धावत आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं विचारलं, आई, झालं कसं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सुतारानं खुर्ची नीट केली नव्हती. एक वाक्य. मी काही ठरवून बोलले नाही. पण बोललेलं मागंही घेतलं नाही. तिथं गावातली दोन माणसं डबा घेऊन आली होती, त्यांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत देऊळघाटात झालं, इंद्रभाननं गुरुजींना पाडलं.

पंधरा दिवसांनी यांना घरी आणलं. पाठीला फोड आले होते, कूस बदलायला दोन माणसं लागायची. इंद्रभान रोज दोन्ही वेळा यायचा. न बोलावता. बाहेर चप्पल काढायचा, हात धुवायचा, यांना अलगद उचलून कुशीवर करायचा आणि दाराशी उकिडवा बसायचा. मोडलेली खुर्ची त्यानं पहिल्याच दिवशी पाहिली होती. पायातल्या भोकात बोट घालून सरसाचा पापुद्रा काढला होता, उजेडात धरून पाहिला होता. सरस धरलाच नाही, पातळ झाला असेल नाहीतर कमी तापला असेल, असं स्वतःशीच बोलला होता. मी उभी होते तिथं.

एकदा गुरुजींनी विचारलं, बरं वाटत होतं त्या दिवशी. "इंद्रभान, काय झालं रे खुर्चीचं?" तो खाली मान घालून म्हणाला, "माहा हात चुकला गुरुजी."

मी दुधाचा पेला घेऊन उभी होते. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. पाहतच राहिले. त्यांना सगळं ठाऊक होतं, बाई गं. ते माझी वाट बघत होते. मी म्हटलं, दूध निवतंय, घ्या. त्यांनी पेला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड पुसताना ते मला म्हणाले, "सांगून टाक त्याला. त्याचं पोट त्या हातावर आहे." मी म्हटलं, तुम्ही उठून बसा, मग सांगते. चार दिवसांत छातीत कफ भरला, बोलणं बंद झालं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेले. तिरडी बांधायला बांबू कुणी आणले? इंद्रभाननं आणले. लोक कुजबुजले, ह्याला लाज कशी नाही. मी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं मी रडते आहे.

मी का नाही बोलले? मी स्वतःला सांगायची, इरासाठी. तिला कळलं की आईनं असं केलं, तर बाप गेलाच आहे, आईही जाईल. पण खरं सांगायचं तर हे कारण मला नंतर सुचलं. आधी कारण नव्हतंच. नुसती भीती होती, आणि भीतीच्या मागं माझा ताठा. गावानं बाई, बाई म्हणायचं आणि बाईनं उठून सांगायचं की मी नवऱ्याला पाडलं? जीभ रेटत नव्हती.

आता इंद्रभानचं काय झालं ते ऐका. तुम्हाला वाटेल लोकांनी त्याला वाळीत टाकलं. तसं नाही. दोन-चार जणांनी काम देणं बंद केलं, काहींनी थट्टा केली, इंद्रभाऊ, बसलं तर चालते न? तेवढं तर कुणीही पचवतो. पण त्याचा स्वतःवरचा भरवसा गेला. तो घरोघर फिरायला लागला. पाच-सात वर्षांपूर्वी नीट केलेल्या खुर्च्या मागायचा, अशाच, फुकट, पुन्हा बघतो म्हणून. शेजारच्या मोतीरामांच्या ओट्यावर मी त्याला बघितलं. धडधाकट खुर्ची त्यानं खोलली. पाचर जागच्या जागी, सरस दगडासारखा. मोतीराम म्हणाले, अबे, चांगली तर आहे. याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं नाही. दुसरी मागितली. ती पण चांगली. अशा डझनभर तरी खोलल्या असतील. सगळ्या चांगल्या निघाल्या, आणि प्रत्येक चांगल्या खुर्चीनंतर तो जास्तच गोंधळायचा, की मग गुरुजींच्याच खुर्चीला मी काय केलं?

मग एक दिवस त्यानं बुलढाण्याहून खिळ्यांचा पुडा आणला. त्याची बायको तानाबाई हे सांगताना रडली होती. ज्या माणसानं जन्मात खिळा मारला नाही, तो प्रत्येक सांध्यात दोन-दोन, तीन-तीन खिळे मारायला लागला. पाचर पण, सरस पण, वर खिळे पण. जुनं सागाचं लाकूड, ते कुठवर सोसणार? उभं चिरायचं. शाळेच्या चार खुर्च्या अशा चिरल्या. मुख्याध्यापकांनी त्याला बोल लावला नाही, पण पुढच्या वर्षी शाळेनं प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. आता काम खरंच वाईट झालं होतं. पूर्वी मी त्याच्या नावावर खोटं ठेवलं होतं, ते त्यानं आपल्या हातानं खरं करून दाखवलं.

नंतर हत्यारं पोत्यात भरून खाटेखाली ठेवली आणि तो रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात कामाला लागला. काम काय? लग्न झालं की प्लास्टिकच्या खुर्च्या पुसायच्या आणि दहा-दहाच्या चळती रचायच्या. एकदा एका लग्नात मी गेले होते. तो भिंतीशी उभा होता, कार्यालयाचा निळा शर्ट घातलेला. मला बघून पुढं आला, चळतीतली एक खुर्ची काढली, तळहातानं दाबून पाहिली, मग दुसरी काढली, तीही दाबून पाहिली. तिसरी मला दिली. म्हणाला, बसा बाई, सावकाश बसा. मी अक्षता पडायच्या आधीच घरी आले.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात कळलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. अन्ननलिकेचा कर्करोग. अकोल्याला नेऊन आणलं, डॉक्टरांनी सांगितलं घरीच ठेवा. तानाबाई पातळ ताक चमच्यानं पाजायची. मला गुरुजींचे शब्द आठवायला लागले. आठवायला लागले म्हणजे काय, विसरले कधी होते? तीन वर्षं मी रोज म्हणायची, उद्या सांगते. आता उद्या संपत आले होते.

मी गेले. वैशाखातली सकाळ होती, दहाचं ऊन. तो खाटेवर, अंगावर नुसती हाडं. मला पाहून उठायला लागला, मी हातानं थांबवलं. तानाबाईलाही म्हटलं, तू पण बस, तुलाही ऐकायचं आहे. आणि सगळं सांगितलं. शालूबाई काय बोलली, मी दोरी कशी सोडली, नारायणराव कसे रेलले, आवाज कसा आला, मी दोरी परत कशी बांधली. गुरुजींना ठाऊक होतं तेही सांगितलं. काही लपवलं नाही. मनात म्हटलं, शकुंतला, आज तरी बोललीस.

तो टक लावून ऐकत होता. माझं झाल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो हसला. आवाज बसलेला होता, थांबत थांबत बोलला.

"बाई, दोरी मीच सोडली न. गाठ माही होती. माही गाठ मले वळखू येत नाई का?"

"ती मी मारली होती रे. तुझ्यासारखी मारली होती."

"असू द्या बाई. मरनाऱ्या मानसाचं मन राखाले तुमी एवढ्या उन्हात आल्या. गुरुजी बी असेच होते."

मी पुन्हा सांगितलं. ओरडून सांगितलं. इराची शपथ घेतली. तो मान हलवत राहिला, लहान पोराची समजूत काढावी तशी. मी जितकी कळवळून सांगत होते तितकं त्याला वाटत होतं की बाई किती थोर मनाच्या. शेवटी त्यानं हात जोडले. ते हात बघवत नव्हते.

घरी आल्या आल्या मी शालूबाईला फोन केला. म्हटलं, तुम्ही एकदा या, त्याला सांगा की महालक्ष्म्यांत खुर्चीला दोरी नव्हती. तुमच्यादेखत सोडली. तो तुमचं ऐकेल, तुम्हाला खोटं बोलायचं काही कारण नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या ह्याईच्या नावावर कायले घेता वयनी? गेलं ते गेलं." मी फोनवर खूप वाईट बोलले तिला. तिनं ठेवून दिला. खरं तर तिला बोलायचा मला काय अधिकार होता? मी तीन वर्षं जे केलं तेच ती करत होती.

इरालाही सांगितलं. ती रडली, आणि दोन दिवसांनी फोन करून म्हणाली, आई, मी येते, मी सांगते त्यांना. तिला रजा मिळाली शनिवारची. इंद्रभान गुरुवारी दुपारी गेला. तानाबाई म्हणाली, शेवटी शुद्धीत होता, हाताची बोटं सारखी दाबून बघत होता, कुठं चुकलं ते शोधत असल्यासारखा.

तेराव्याला तानाबाई स्वतः बोलवायला आली. मी नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. मी गेले तर अंगणातल्या बाया उठून उभ्या राहिल्या. तानाबाईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ज्याच्या हातानं आपला नवरा गेला, त्याच्या खाटेपाशी बाई भर उन्हात गेल्या, आणि त्याच्या जिवाला शांती मिळावी म्हणून सगळा दोष आपल्या अंगावर घेतला. असं माणूस या कलियुगात कुठं बघायला मिळतं? एक म्हातारी तर माझ्या पायाच पडली. मी तिला धरलं, म्हटलं, अहो, ते सगळं खरं होतं, दोरी मीच सोडली होती. म्हातारी शेजारणीकडं बघून म्हणाली, पाहा, अजूनही तेच म्हणते.

मग पंगत बसली. तानाबाईनं पहिलं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि मी जेवायला सुरुवात करेपर्यंत कुणीच जेवेना. मी जेवले.